बॅटऱ्यांची खोली

सातारा
१२ जानेवारी २०२५

सौ. भारतीताई यांना सप्रेम नमस्कार,

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण आपल्या दोघींचा फोन मला ठाऊक आहे. ‘कशा आहात’, ‘बऱ्या आहोत’, ‘थंडी पडली का’, ‘बाकी काय’. माझ्या हर्षदचं आणि तुमच्या मानसीचं लग्न होऊन सहा वर्षं झाली, तरी आपण ‘बाकी काय’च्या पुढे गेलेलो नाही. आणि ‘दोन्ही घरं’ या ग्रुपवर लिहावं तर मुलं तिकडे म्युनिकमध्ये बसून वाचणार. म्हणून सरळ पोस्टाचा रस्ता धरला.

मुलांचा बेत तुमच्या कानावर आलाच असेल. सप्टेंबरात आपण दोघींनी तिकडे जायचं आणि त्या दोघांबरोबर डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने, पासाऊ गावापासून व्हिएन्नापर्यंत, इलेक्ट्रिक सायकलींवरून फिरायचं. तुमचे मुकुंदराव विमानात बसत नाहीत, म्हणून त्यांना माफी आहे. हर्षद म्हणाला, ही मूळ हौस तुमची. “मानसीच्या आईंच्या फार मनात आहे. तू नाही म्हणालीस तर त्यांचा हिरमोड होईल.” मग काय, मी लगेच हो म्हटलं. विहीणबाईंचा हिरमोड करून ते पाप कुठे फेडू?

तर आता नीट ठरवू या. रोज किती किलोमीटर झेपतील? मधे एखादा दिवस विसावा हवा का? सायकलची सवय तुम्हाला असणारच, तेव्हा तुम्हीच सांगा.

आपली,
शोभा पाटणे


तारनाका, हैदराबाद
२३ जानेवारी २०२५

आदरणीय विहीणबाईंना सादर नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. ह्यांनी आधी पाकीट उलटसुलट करून शिक्के वाचले आणि मग मला दिलं. रेल्वेत जन्म गेलेला माणूस, कुठून सुटलं नि कुठे पोचलं हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

हौस माझी म्हणता हा आपला मोठेपणा. आपण ठरवाल ते आम्हाला मान्यच आहे. किलोमीटर आपणच ठरवावेत, मुक्कामही आपणच ठरवावेत. विसावा आपल्याला हवा असेल तर हवा, नको असेल तर नको.

सायकलच्या सवयीचं म्हणाल तर आमच्या माहेरी, नांदेडला, हिरव्या रंगाची सायकल होती. माझे दोन्ही भाऊ ती फार छान चालवत. पुढे मी इथे कोठी भागातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तिथेही पुष्कळ विद्यार्थी सायकलवरून येत. तेव्हा सायकल मला तशी परकी नाही.

इकडून आपल्यासाठी काही पाठवू का? बेगम बाजारात मिरची छान आली आहे.

आपली नम्र,
भारती कंधारकर


सातारा
५ फेब्रुवारी २०२५

भारतीताई, नमस्कार.

मिरची जरूर पाठवा. पण मी विचारलं होतं ते किलोमीटर, आणि तुम्ही पाठवताय मिरची.

मी इकडे थोडी माहिती काढली. बँकेत कर्जाची प्रकरणं तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे कुणी ‘सोपं आहे’ म्हटलं की माझा हात आपोआप कागदांकडे जातो. ऐका. आपली सायकल इथून न्यायचा विचार मनातही आणू नका, एवढी मोठी बॅटरी विमानात घेत नाहीत. तिथेच भाड्याने घ्यायच्या. त्यांच्याकडे मूठ पिळली की पळणारी सायकल मिळत नाही. पाय मारावेच लागतात, आपण मारले की मोटर साथ देते आणि आपण थांबलो की तीही थांबते. बरी आहे, नवऱ्यापेक्षा समजूतदार. मधला दांडा खाली असलेली मागायची, म्हणजे पाय वर टाकावा लागत नाही. साडी चालणार नाही. जड सामान रोज पुढच्या मुक्कामाला पोचवणारी गाडी असते, आपल्याबरोबर फक्त पाणी आणि रेनकोट ठेवायचा. आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, हे सगळ्यांत महत्त्वाचं.

आता माझी तक्रार. तुम्ही प्रत्येक गोष्टीला ‘आपण ठरवाल ते’ म्हणता. अशाने ठरवायचं कसं? लग्नातही तुम्ही असंच केलं होतंत. मी जिलेबी म्हटलं, तुम्ही जिलेबी केलीत. नंतर मानसीकडून कळलं की तुमच्याकडे खुबानीचा मीठा ठरला होता. मला जिलेबी आवडतही नाही हो. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले होते. एकदा तरी तुमच्या मनातलं सांगा.

शोभा


तारनाका
३ मार्च २०२५

शोभाताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण खरं लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. मनातलं सांगा म्हणालात, तर सांगते. मी आयुष्यात सायकलवर बसलेली नाही. माहेरी सायकल भावांची होती. मी ती पुसत असे.

मानसीने मला सांगितलं, “आई, हर्षदच्या आईंना फार हौस आहे, तू नाही म्हणालीस तर त्यांना वाईट वाटेल.” मुलीच्या आईने वरमाईच्या हौसेला नाही म्हणायचं नसतं, हे बाळकडू. म्हणून मी हो म्हणून बसले आणि मग फार परेशान झाले. शेवटी ह्यांना घेऊन कोठीच्या एका सायकलवाल्याकडे गेले. खालिदभाई म्हणून आहेत. त्यांनी विचारलं, “किसके वास्ते? पोती के वास्ते?” म्हटलं, “मेरे वास्ते.” ते काही हसले नाहीत. बुटकी, खाली दांड्याची बॅटरीची सायकल काढली आणि आठवडाभर रोज सकाळी विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यावर स्वतः येऊन मागून धरत राहिले. “अम्मा, नीचे नक्को देखो. सामने देखो. जिधर देखते उधरीच जाती ये.”

पहिल्या दिवशी मी गुलमोहराला धडकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गुलमोहराला. खालिदभाई म्हणाले, “अम्मा, आप झाड कोच देख रहे.” खरं होतं. झाडं पाहायची माझी सवयच तशी. पडले तरी नाक वर म्हणून मी त्यांना नाव-कूळ-जातीसकट त्या झाडाची माहिती दिली.

परवा त्यांनी हात कधी सोडला ते मला कळलंच नाही. मी आपली ‘पकडो, पकडो’ म्हणते आहे आणि ते केव्हाचे मागे चहा पीत उभे! शोभाताई, वारा तोंडावर लागतो हो. चालतानाही लागतो, पण तो वेगळा. एवढं साधं सुख चौसष्ट वर्षं माझ्या शेजारून जात होतं आणि मी ते पुसून ठेवत होते.

आता सांगते, रोज तीस किलोमीटर. विसावा एक दिवस. आणि तुमची हौस असो-नसो, आता ती माझी झाली आहे.

भारती


सातारा
१५ मार्च २०२५

भारतीताई,

मी पत्र वाचून हसले आणि मग हसता हसता थांबले. माझी हौस? मला कसली हौस! मला सायकल येते, शाळेत असताना यायची. पण उजवा गुडघा सहा वर्षं कुरकुरतोय. मी हर्षदला नाही म्हणायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्याने तुमचं नाव पुढे केलं.

म्हणजे बघा, त्याने तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि तिने माझ्या. पोरांना पक्कं ठाऊक की दोघी आया मुलांना नाही म्हणतील, पण विहिणीला म्हणणार नाहीत. एवढा खटाटोप कशासाठी? आपण दोघी एकाच वेळी, एकाच ठिकाणी त्यांना हव्या आहेत, असं माझं मन सांगतं. अशा वेळी कारण एकच असतं. मी उगीच काही बोलत नाही, दृष्ट लागायला नको. पण काल मी डॉक्टरांकडे जाऊन गुडघ्याचे व्यायाम लिहून आणले. नातवंडामागे धावायचं तर आतापासून लागायला हवं.

मिरची पोचली. डोळ्यांत पाणी आलं, पण फार चांगली आहे.

शोभा


तारनाका
९ एप्रिल २०२५

प्रिय शोभाताई,

माझ्याही मनात तेच आलं होतं. तुम्ही लिहिलंत म्हणून आता लिहायला धीर झाला. मी अजून कुणाला बोलले नाही आणि काही शिवायलाही घेतलं नाही. फक्त जुनी मऊ लुगडी वर काढून ठेवली आहेत.

सराव जोरात आहे. ओझ्याची सवय व्हावी म्हणून बेगम बाजारातून डाळ, बडीशेप आणि धने मागच्या पिशव्यांत भरून सायकलवरून आणले. मूठ पिळायची सोय खालिदभाईंकडून काढूनच टाकली आहे, तिथल्यासारखे पाय मारते. आणि उजव्या बाजूने चालवायचाही सराव पहाटे विद्यापीठात सुरू केला. तिथल्या वॉचमनने अडवलं. “अम्मा, राँग साइड है ये!” मी म्हटलं, “जर्मनी का प्रॅक्टिस कर रही हूँ.” तो म्हणाला, “जर्मनी में जाके करो अम्मा, ये तारनाका है.” त्यावर ह्यांना एवढं हसू आलं की ठसका लागला. आता उजव्या बाजूचा सराव आमच्या गच्चीवर, पायी करते.

मानसीने मुक्कामांचं सगळं पाठवलं आहे. आपल्या दोघींना एक खोली. तुम्हाला चालेल ना? मी घोरत नाही. पण प्रत्येक मुक्कामाला तीन खोल्या आहेत. एक आपली, एक त्या दोघांची, मग तिसरी कशाला म्हणून मी विचारात पडले. मग लक्षात आलं. चार सायकलींच्या चार बॅटऱ्या रोज चार्ज करायच्या, त्या कुठे ठेवणार? खोली बॅटऱ्यांची असणार. मुलं किती बारीक विचार करतात, नाही?

व्हिसासाठी मे महिन्याची वेळ मिळते आहे. तुमचं कधीचं ते कळवा.

तुमची,
भारती


तारनाका
१४ मे २०२५

शोभाताई,

महिना उलटला, तुमचं पत्र नाही. ग्रुपवर मी कैऱ्यांचा फोटो टाकला, तुम्ही नुसता अंगठा दाखवलात. मुलंही गप्प आहेत. मानसीला फोन केला की ती कामात असते.

माझ्याकडून काही चुकलं का? मागच्या पत्रात मी फार मोकळेपणाने लिहिलं. घोरण्याबिरण्याचं लिहायला नको होतं. इतकी वर्षं मी पायरी सांभाळून वागले आणि सायकलवर काय बसले, जीभही सुटली. तुम्हाला आवडलं नसेल तर स्पष्ट सांगा, मी पुन्हा पहिल्यासारखी लिहीन. पण लिहा.

भारती


सातारा
२७ मे २०२५

भारतीताई,

तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी वाचा.

बॅटऱ्यांना कुणी खोली घेत नाही हो. तुमचं पत्र वाचलं. त्याच दिवशी हर्षदला फोन लावला आणि विचारलं, तिसरी खोली कुणाची? तो म्हणाला, “माझी.”

ती दोघं वेगळी होत आहेत. डिसेंबरातच ठरलं. तिसरं कुणी नाही, भांडण नाही. दोन वर्षं एका घरात दोन भाडेकरूंसारखी राहत होती म्हणे. हे आपल्याला कसं सांगायचं यावर त्यांनी डोकं चालवलं. माझ्या घरी आधी सांगितलं तर तुम्हाला वाटेल मुलीकडच्यांना किंमत नाही. तुमच्या घरी आधी सांगितलं तर मला वाटेल मुलाच्या आईला डावललं. म्हणून दोघींना एकत्र न्यायचं, चार दिवस नदीकाठी रमवायचं आणि एका संध्याकाळी एकाच वेळी सांगायचं. घटस्फोटातसुद्धा मानपान सांभाळला आपल्या पोरांनी. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा?

मी तेव्हाच तुम्हाला लिहिणार होते. पण ही गोष्ट तुमच्या मुलीने तुम्हाला सांगायला हवी, माझ्या पत्रातून कळू नये, असं मला वाटलं. हर्षदला ते बजावलं. तो उद्या-परवा करत राहिला, बहुधा तीही करत राहिली. शेवटी काल मी सांगितलं की पत्र पेटीत टाकतेय, ते पोचायच्या आत मानसीने बोलायलाच हवं. मानसीबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. माझ्या मुलाबद्दल तुमच्या मनात असेल तर तो तुमचा हक्क आहे.

हर्षदने सगळी बुकिंगं रद्द केली आहेत. तुम्ही इतकी मेहनत घेतलीत, त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि एक अवघड गोष्ट. यापुढे आपण पत्र लिहिणं बरं दिसेल का, ते मला कळत नाही. आता आपण एकमेकींच्या कोण? लोक विचारतील, मुलांनाही अवघड होईल. मला वाटतं, इथे थांबलेलं बरं. मला तुमच्या पत्रांची सवय झाली होती, हे मात्र खोटं नाही.

शोभा पाटणे


तारनाका
८ जून २०२५

शोभाताई,

मानसीचा फोन रविवारी आला, तुमचं पत्र मंगळवारी. ती रडली, मी रडले. ह्यांनी फोन घेतला आणि तिला फक्त “जेवलीस का” एवढं विचारलं. मग दिवसभर जुनं रेल्वेचं वेळापत्रक उघडून बसले होते, पान मात्र एकदाही उलटलं नाही.

मला राग आला. आधी मुलीचा, मग जावयाचा, मग तुमचा, कारण तुम्हाला महिनाभर ठाऊक होतं आणि मी इकडे आपलं काय चुकलं ते शोधत होते. तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा तुमच्यावरचा गेला. त्या दोघांवरचा अजून आहे. त्यातही जास्त मानसीवर, ‘तुझी मुलगी सुखात नाही’ हे सांगायला तिला माझी नाही, नदीची गरज वाटली म्हणून. वर काढलेली लुगडी मी परत ठेवून दिली. ते काम फार जड गेलं.

तुम्ही लिहिता, इथे थांबलेलं बरं. मुलीच्या आईने वरमाईला नाही म्हणायचं नसतं. आता तुम्ही माझ्या वरमाई नाही, तेव्हा म्हणते: नाही.

मी सप्टेंबरात पासाऊला जाणार आहे. माझ्या व्हिसाचं काम झालं आहे. मुलीचा संसार मोडला आणि आईला सायकल सुचते, असं लोक म्हणतील. मीही स्वतःला तेच म्हटलं. तीन सकाळी सायकल बाहेर काढली नाही. चौथ्या दिवशी ह्यांनीच हवा भरून दारात उभी केली आणि म्हणाले, “घरात बसून रडलीस तरी ती दोघं वेगळीच राहणार आहेत. जा.” मी गेले. वाटेत रडलेही. पण सायकल चालवताना रडलं तर डोळे आपोआप वाळतात, त्यामुळे थांबावं लागत नाही.

मानसीला सांगितलं. ती म्हणाली, “आई, तू आणि शोभाकाकू? आता? वेड लागलंय का?” मी म्हटलं, लग्न तुम्ही जमवलंत आणि मोडलंतही तुम्ही, दोन्ही वेळा आम्हाला नंतर कळलं. आमची ओळख आम्ही केली आहे, तिचं काय करायचं ते आम्ही बघू. आम्ही तिकडे आलो की तुम्ही एकेकटे येऊन भेटा, वाटलं तर दोघं मिळून या, दोन्ही चालेल. मग ती म्हणाली, सायकल खाली दांड्याचीच मागशील ना.

तुम्ही विचारलंत आपण एकमेकींच्या कोण. मला माहीत नाही. नातं गेलं तर मला लिहायला तुमच्याकडे कारण उरणार नाही, या भीतीने माझी झोप उडाली होती, एवढं मला माहीत आहे. जन्मभर मी कुठे जायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. आता मी ठरवलं आहे, आणि मला एकटीला जायचं नाही. गुडघ्याचं निमित्त सांगू नका. चढावर मोटर ओढते, सपाटीवर मी हळू चालवीन. दिवसाला वीस किलोमीटर करू.

एक खोली मागितली आहे. बॅटऱ्या आपण उशाशी ठेवू.

भारती


सातारा
२४ जून २०२५

भारती,

तुमचं पत्र घेऊन मी बरेच दिवस बसले होते. नाही म्हणायची कारणं माझ्याकडे पुष्कळ होती आणि ती सगळी चांगली होती. हर्षदला वाचून दाखवलीही. तो म्हणाला, “आई, ही सगळी लोकांची कारणं झाली. तुझं कुठलं?” माझं काही निघालं नाही.

व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घेतली आहे. गुडघ्याचे व्यायाम नातवंडासाठी सुरू केले होते. ते सोडून दिले होते, पुन्हा सुरू केलेत. पहिल्या दिवशी व्यायाम करताना हुंदका आला, मग मोजत राहिले.

पण सायकलवर मी शाळेनंतर बसलेली नाही आणि साताऱ्यात सगळे चढ-उतारच. तेव्हा ऑगस्ट अखेरीला मी हैदराबादला येते. दोन आठवडे मला शिकवा. वॉचमन ओरडला तर मी बघून घेईन. विमान तिथूनच एकत्र पकडू.

यावरून एक गोष्ट लक्षात आली आणि मला लाज वाटली. सहा वर्षांत मी तुमच्या घरी एकदाही आलेली नाही. लग्न हॉलमध्ये झालं. नंतर प्रत्येक वेळी वाटायचं, मुलाची आई आली की तुम्ही धावपळ करणार, साडी नेसवणार, पाच पक्वान्नं मांडणार. त्यापेक्षा नकोच, म्हणून मी टाळत राहिले. हर्षद तुमचा जावई होता तोवर तुमच्याकडे यायला मला काहीतरी कारण लागायचं. आता नुसतीच येते आहे. आमटी-भात करा. जिलेबी केलीत तर त्याच पावली परत फिरेन.

पुण्याहून गाडीने सिकंदराबादला उतरते. मुकुंदरावांना फलाट विचारून ठेवा. विहिणीला आणायला माणूस पाठवतात, तसा कुणाला पाठवू नका. तुम्ही स्वतः या. सायकलवर आलात तरी चालेल, मी शेजारून चालत येईन.

शोभा